डब्याला एवढी भोकं कशाला?

टेबलाखालच्या कॅबिनेटवर डझनभर जागा रिकाम्या असतात. काही तुमचे पैसे वाचवू शकतात, काही नुसता इतिहास सांगतात. आणि एक लाल बटण असं असतं, की ते चुकून सरकलं तर मशीनचा बार उडतो!

एक काम करा. आज घरी किंवा रूमवर गेलात की टेबलाखाली वाका आणि तुमच्या डेस्कटॉपची मागची बाजू नीट बघा. पॉवरची केबल, मॉनिटर, कीबोर्ड, माऊस, फार तर स्पीकर आणि नेटची वायर. वापरातल्या जागा एवढ्याच. आता उरलेल्या मोजा. पत्र्याच्या आडव्या पट्ट्या, जाळ्या, रबराची बुचं बसवलेली गोल भोकं, एक बारीकशी खाच, बाहेर आलेली कडी, प्लॅस्टिकचं टोपण घातलेला एखादा पोर्ट. वीसेक जागा तरी अशा निघतील, ज्यांच्याकडे तुम्ही आजवर ढुंकूनही पाहिलेलं नाही.

सगळ्यात आधी एक नाव दुरुस्त करून घेऊ. आपल्याकडे या अख्ख्या डब्याला 'सीपीयू' म्हणतात. घरात म्हणतात, कॉलेजच्या लॅबमध्ये म्हणतात, काही दुकानांच्या बिलावरही तसंच लिहिलेलं असतं. खरा सीपीयू म्हणजे प्रोसेसर. तो आत मदरबोर्डवर पंख्याखाली बसलेला असतो आणि आकाराने साधारण खारी बिस्किटाएवढा असतो. बाहेरचा डबा म्हणजे कॅबिनेट किंवा केस. हा फरक नुसता शब्दांचा नाही. 'सीपीयू खराब झालाय' असं सांगून तुम्ही दुकानात गेलात, तर समोरच्याला कळत नाही की प्रोसेसर बदलायचाय, पॉवर सप्लाय गेलाय की नुसतं पुढचं बटण अडकतंय. आणि ज्याला नाव सांगता येत नाही, त्याचं बिल जास्त होण्याची शक्यताही जास्त.

हे सगळं आत्ताच कशाला? कारण आपल्यातल्या बऱ्याच जणांचा डेस्कटॉप नवाकोरा नसतो. कुणाला दादा-ताईकडून आलेला असतो, कुणी कंपन्यांनी काढून टाकलेलं रिफर्बिश्ड मशीन घेतलेलं असतं, कुणी व्हिडीओ एडिटिंगसाठी, ऑटोकॅडसाठी किंवा गेमिंगसाठी एकेक पार्ट जमवून असेंबल केलेलं असतं. दोन वर्षांत ते स्लो होतं आणि घरी विषय निघतो, की आता नवीन घ्यायचं का. त्या प्रश्नाचं उत्तर बऱ्याचदा या रिकाम्या भोकांमध्येच दडलेलं असतं.

वाढत्या अंगाचा डबा

लहानपणी आई शाळेचा युनिफॉर्म घेताना एक माप मोठं घ्यायची. शिंपीही शिवणीत थोडी माया ठेवायचा, म्हणजे पुढच्या वर्षी उसवून सैल करता यावं. कॅबिनेट बनवणारी कंपनी तेच करते. तिला माहीत नसतं की तुम्ही कोणता मदरबोर्ड घेणार, ग्राफिक्स कार्ड लावणार का, हार्ड डिस्क एक असेल की चार. म्हणून ती सगळ्यांच्या सोयीची माया ठेवते.

हे जमतं, कारण मापं ठरलेली आहेत. इंटेलने १९९५ मध्ये एटीएक्स नावाचं प्रमाण आणलं. मदरबोर्डची लांबी-रुंदी, स्क्रूच्या भोकांच्या जागा, मागे पोर्ट कुठे येणार, हे सगळं त्यात ठरलं. पूर्ण एटीएक्स बोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटरचा असतो, मायक्रो एटीएक्स २४४ बाय २४४ चा आणि मिनी आयटीएक्स फक्त १७० बाय १७० चा. मोठ्या कॅबिनेटमध्ये लहान बोर्डही बसवता यावा म्हणून आतल्या पत्र्यावर प्रत्येक मापाची वेगळी भोकं पाडलेली असतात. तुमच्या बोर्डाला त्यातली काहीच लागतात. बाकीची रिकामी दिसली म्हणून 'दुकानदाराने स्क्रू कमी लावले' असं लगेच समजू नका.

उलट, जास्त लावले तर गडबड होते. बोर्ड पत्र्याला टेकू नये म्हणून खाली छोटे पितळी खांब बसवतात, त्यांना स्टँडऑफ म्हणतात. बोर्डला जिथे भोकच नाही अशा जागी एखादा स्टँडऑफ राहिला, तर तो बोर्डच्या पाठीला टेकून शॉर्ट करू शकतो. प्रोसेसरच्या बरोब्बर मागे पत्र्याला मोठा चौकोनी झरोका असेल, तर तो कूलरची मागची प्लेट बोर्ड न काढता बसवता यावी म्हणून आहे. आणि बाजूची रबरी कड लावलेली लांबट भोकं वायरी मागून फिरवण्यासाठी. बऱ्याच असेंबल मशीनमध्ये ती तशीच कोरी असतात आणि वायरींचा गुंता पुढे पंख्यासमोर लोंबत असतो. तासभर वेळ काढून त्या वायरी मागे नेल्या, तर हवेची वाट मोकळी होते. खर्च शून्य.

मागच्या पट्ट्या: तोडू नका, हरवू नका

मागच्या बाजूला एकाखाली एक आडव्या पट्ट्या दिसतात. पूर्ण एटीएक्स कॅबिनेटला सहसा सात, मायक्रो एटीएक्सला चार. आतल्या बोर्डवर जे स्लॉट असतात, त्यांत बसवलेल्या कार्डाचं तोंड इथून बाहेर येतं. ग्राफिक्स कार्ड बहुतेक वेळा दोन पट्ट्यांची जागा खातं. बाकीच्या जागी वाय-फाय कार्ड, जास्तीचे यूएसबी देणारं कार्ड, साऊंड कार्ड किंवा गेम रेकॉर्ड करायला कॅप्चर कार्ड लावता येतं. लॅपटॉपच्या बाजूला लोंबणारे डोंगल आठवा. ते काम इथे आतल्या आत होतं.

पट्ट्या दोन प्रकारच्या असतात. चांगल्या कॅबिनेटच्या पट्ट्या स्क्रूने निघतात आणि परत लागतात. स्वस्त कॅबिनेटच्या पट्ट्या पत्र्यातच कापलेल्या असतात. मागेपुढे हलवून त्या तोडायच्या आणि एकदा तोडल्या की गेल्या. म्हणून तोडण्याआधी कार्ड नेमकं कोणत्या स्लॉटसमोर येणार हे आतून बघून घ्या. तुटलेली कड ब्लेडसारखी असते, बोट कापतं.

कार्ड काढल्यावर पट्टी परत लावायला बरेच जण कंटाळा करतात. लावा. एक तर धूळ आत जाते. दुसरं, पुढून आलेली हवा आतल्या गरम भागांवरून जाण्याऐवजी भलत्याच फटीतून पळवाट काढते. तिसरं, धातूचं बंद कवच आतल्या विद्युतचुंबकीय लहरी बाहेर पडू देत नाही आणि बाहेरच्या आत येऊ देत नाही. आणि चौथं कारण कोणत्याही मॅन्युअलमध्ये सापडणार नाही, पण आपल्याकडचा कुठलाही रिपेअरवाला ते सांगेल: पाल, झुरळ आणि मुंग्या. उबदार, अंधारी जागा त्यांना जाम आवडते.

पट्ट्यांच्या वर एक आयताकृती पत्रा असतो आणि त्यातून सगळे पोर्ट डोकावतात. ती आयओ शील्ड. जुन्या मशीनमध्ये ती बऱ्याचदा गायब असते आणि पोर्टभोवती मोठी फट दिसते. प्रत्येक बोर्डची शील्ड वेगळी असते. त्यामुळे सेकंड हँड मदरबोर्ड घेताना 'शील्ड आहे ना सोबत?' हे विचारायला विसरू नका.

रिफर्बिश्ड मशीन घेणाऱ्यांसाठी एक सावधगिरी. ऑफिसांमधून येणाऱ्या बारक्या, चपट्या डेस्कटॉपमध्ये पट्ट्यांची उंची कमी असते. तिथे 'लो प्रोफाइल' म्हणजे कमी उंचीचं कार्डच बसतं. काही ब्रँडेड मशीनमध्ये पॉवर सप्लाय आणि मदरबोर्डही त्या कंपनीच्याच खास मापाचे असतात. अशा डब्यात माया असते, पण फक्त कंपनीने ठरवलेल्या जागी. 'पुढे ग्राफिक्स कार्ड टाकू' असा विचार असेल, तर मशीन घेण्याआधीच झाकण उघडून बघायला मागा.

टोपण घातलेला एचडीएमआय

'नवं ग्राफिक्स कार्ड घातलं तरी गेम तसाच अडकतोय' किंवा 'मशीन चालू होतंय, पण स्क्रीन काळी.' या दोन्ही तक्रारींचं उत्तर पुष्कळदा मागच्या बाजूलाच मिळतं.

कार्ड लावलेल्या मशीनला एचडीएमआय दोन ठिकाणी असू शकतो. एक वर, इतर पोर्टांच्या घोळक्यात. तो मदरबोर्डचा. दुसरा खाली, आडव्या पट्टीवर. तो ग्राफिक्स कार्डचा. मॉनिटरची केबल खालच्यातच हवी. वर लावली, तर तुमचं महागडं कार्ड आरामात बसून राहतं आणि प्रोसेसरमधलं साधं ग्राफिक्स काम करत राहतं. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्सच नसेल, तर वरचा पोर्ट मुका. इंटेलच्या ज्या मॉडेलच्या शेवटी नुसतं 'एफ' असतं, ते असे प्रोसेसर. म्हणूनच असेंबल करणारे कधीकधी वरच्या पोर्टवर प्लॅस्टिकचं टोपण घालून ठेवतात. ते टोपण काढून केबल तिथे खुपसू नका, एवढंच त्याचं म्हणणं असतं.

याच घोळक्यात सोनेरी रंगाचे, आटे असलेले दोन गोल खांब दिसले, तर ती वाय-फायच्या अँटेनाची जागा. अँटेना खोक्यातच राहून गेला, तर नेट चालतं, पण रडतखडत. 'हॉस्टेलचं वाय-फाय बेकार आहे' असं म्हणण्याआधी हे खांब तपासा. बारीक चौकोनी पोर्टातून लाल उजेड येत असेल, तर तो काचतंतूवरून आवाज नेणारा ऑप्टिकल ऑडिओ. होम थिएटर नसेल, तर तुमच्या कामाचा नाही. आणि रंगीत जॅकचं गणित सोपं आहे: हिरव्यात हेडफोन किंवा स्पीकर, गुलाबीत माइक, निळ्यात बाहेरून येणारा आवाज. इंटेल आणि मायक्रोसॉफ्टच्या 'पीसी ९९' या मार्गदर्शिकेतले हे रंग आहेत. जुन्या गोल पोर्टांमध्ये जांभळा कीबोर्डचा आणि हिरवा माऊसचा, तेही त्यातलेच.

बुचं, खाच आणि कडी

काही कॅबिनेटना मागे रबराची बुचं बसवलेली दोन-तीन गोल भोकं असतात. अनेकांना वाटतं, ती वायरींसाठी आहेत. ती मुळात पाण्याच्या नळ्यांसाठी! वॉटर कूलिंगचा रेडिएटर डब्याच्या बाहेर ठेवायचा आणि नळ्या या भोकांतून आत न्यायच्या, अशी ती सोय होती. आता रेडिएटर आतच मावतो, म्हणून नव्या डिझाइनमधून ती भोकं कमी होत चालली आहेत.

जुन्या डब्यांवर इंग्रजी 'डी' अक्षरासारख्या आकाराचे कापलेले भाग दिसतात. लहान तो ९ पिनांच्या सीरियल पोर्टचा, लांब तो २५ पिनांच्या पॅरलल पोर्टचा. लांब पोर्टला पूर्वी प्रिंटर लावायचे. सीरियल मात्र अजून जिवंत आहे. वजनकाटे, कारखान्यातली यंत्रं, प्रयोगशाळेतली जुनी उपकरणं आजही त्यावर बोलतात. इंजिनीअरिंगला असाल, तर मायक्रोकंट्रोलरच्या जुन्या किटसोबत तुम्ही तो बघितलाही असेल.

साधारण ७ बाय ३ मिलिमीटरची बारीक खाच दिसली, तर ती केन्सिंग्टन लॉकची. पोलादी केबलचं कुलूप तिथे अडकतं आणि मशीन टेबलाला बांधून ठेवता येतं. मागून बाहेर आलेली कडी साध्या कुलपासाठी असते. कुलूप घातलं की बाजूचं झाकण सरकतच नाही, म्हणजे रॅम किंवा हार्ड डिस्क कुणी काढून नेऊ शकत नाही. पाच जणांच्या रूममध्ये राहत असाल, तर ही कडी निरुपयोगी म्हणू नका. ऑफिसमधून आलेल्या काही मशीनमध्ये झाकणाखाली एक बारका स्विचही असतो. झाकण उघडलं की पुढच्या वेळी सुरू होताना 'कव्हर काढलं होतं' असा इशारा स्क्रीनवर येतो. घाबरू नका, ती चोरापासूनची राखण आहे. बायोसमध्ये जाऊन तो इशारा पुसता येतो.

लाल स्विचला हात नको

आता सगळ्यात महत्त्वाचं. पॉवरची केबल जिथे लागते तिथे, जुन्या किंवा स्वस्त पॉवर सप्लायवर, एक छोटा लाल सरकता स्विच असतो. त्यावर ११५ आणि २३० असे आकडे असतात. आपल्याकडे वीज २३० व्होल्टची आहे, त्यामुळे तो २३० वरच हवा. कुणी तो खेळता खेळता ११५ वर सरकवला आणि मशीन चालू केलं, तर आतल्या कपॅसिटरवर झेपणार नाही इतका दाब येतो. मोठा आवाज, जळका वास आणि पॉवर सप्लाय खलास. नशीब खराब असेल, तर सोबत आणखी काही.

आजच्या बहुतेक चांगल्या पॉवर सप्लायला हा स्विच नसतो. ते १०० पासून २४० व्होल्टपर्यंत आपोआप जुळवून घेतात. पण जुनं मशीन कुणाकडून आणलं असेल, विशेषतः परदेशातून आलेलं असेल, तर पहिल्यांदा प्लग लावण्याआधी हा आकडा वाचाच. स्विच २३० वर असेल, तर त्यावर चिकटपट्टी लावून टाका. घरात लहान भावंड असेल, तर नक्कीच.

पुढचे खण: रिकामे, पण फुकट नाहीत

आता डबा वळवून पुढून बघा. जुन्या आणि मध्यम वयाच्या कॅबिनेटना वरच्या बाजूला रुंद आडवे खण असतात, प्लॅस्टिकच्या झाकणांनी बंद केलेले. एकात डीव्हीडी ड्राइव्ह असतो, बाकीचे रिकामे. त्यांना '५.२५ इंची बे' म्हणतात. पट्टी घेऊन मोजलात तर रुंदी जवळपास १४६ मिलिमीटर भरेल, म्हणजे पावणेसहा इंच. मग सव्वापाच कुठून आलं? ते माप खणाचं नाहीच, त्यात जाणाऱ्या फ्लॉपी डिस्कचं आहे. शुगार्ट असोसिएट्स या अमेरिकी कंपनीने १९७६ मध्ये सव्वापाच इंची फ्लॉपीचा ड्राइव्ह आणला. पुढे फ्लॉपी गेली, त्याच खणात सीडी आली, मग डीव्हीडी. माणसं बदलत गेली, चाळीतली खोली तीच राहिली, तसं काहीसं. त्याखालचा अरुंद खण साडेतीन इंची फ्लॉपीचा. ही फ्लॉपी तुम्ही हातात घेतली नसेल, पण रोज बघता. 'सेव्ह'च्या बटणावरचं चित्र तिचंच.

या खणांचं आज काय करायचं? कार्ड रीडर बसवता येतो, पुढे जास्तीचे यूएसबी आणता येतात, अडॅप्टर लावून हार्ड डिस्क बसवता येते. काही कंपन्या चक्क ड्रॉवर विकतात, त्यात स्क्रू आणि पेन ड्राइव्ह ठेवा!

पण खरा फायदा आतल्या, बाहेरून न दिसणाऱ्या खणांचा आहे. मशीन स्लो झालंय आणि आत अजून जुनी फिरती हार्ड डिस्कच असेल, तर नवीन कम्प्युटरचा विचार करण्याआधी एसएसडीचा विचार करा. झाकण उघडून चार गोष्टी बघा. एक, अडीच इंची डिस्क बसेल असा खण किंवा चार भोकांची जागा आहे का. दोन, मदरबोर्डवर साटाचा एखादा सात पिनांचा पोर्ट रिकामा आहे का. तीन, पॉवर सप्लायकडून आलेल्या वायरींमध्ये साटाचा रुंद, चपटा, पंधरा जागांचा प्लग मोकळा लोंबतोय का. चार, बोर्डवर एम.२ नावाचा छोटा आडवा स्लॉट आहे का. तो असेल, तर बोर्डच्या मॅन्युअलमध्ये कोणती एसएसडी चालते ते बघून तीही घेता येते. साटा एसएसडीला पहिले तीन 'हो' आले, की एसएसडी आणि एक साटा केबल एवढ्यावर काम भागतं. विंडोज नव्या एसएसडीवर टाकायचं आणि जुनी हार्ड डिस्क फोटो, सिनेमे, प्रोजेक्ट साठवायला तशीच ठेवायची. खण नेमका जमत नसला तरी बिघडत नाही. एसएसडीत फिरणारं काहीच नसतं, ती आडवी, उभी कशीही नीट बांधली की चालते. एक टीप: नवी डिस्क लावल्यावर ती लगेच दिसली नाही, तर ती खराब आहे असं समजून दुकानात पळू नका. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन ती आधी इनिशियलाइज करावी लागते. तिथे नवीच डिस्क निवडली आहे ना, हे दोनदा बघा, नाहीतर जुन्या डिस्कवरचा डेटा जायचा.

स्क्रूंचंही लक्षात ठेवा. साडेतीन इंची हार्ड डिस्कला जाड आट्यांचे स्क्रू लागतात, एसएसडी आणि डीव्हीडी ड्राइव्हला बारीक आट्यांचे. स्क्रू दोन बोटांनी सहज फिरत नसेल, तर तो चुकीचा आहे. जोर लावलात, की आटे गेलेच.

मुकी बटणं, लोंबणाऱ्या वायरी

पुढचा यूएसबी चालत नाही? हेडफोन लावला तरी आवाज मागच्या स्पीकरमधूनच येतो? पोर्ट मेला असेलच असं नाही. बऱ्याचदा आतली वायर लावलेलीच नसते. पुढच्या प्रत्येक पोर्टमागे एक वायर मदरबोर्डपर्यंत जाते. कॅबिनेटला निळा यूएसबी ३.० असतो, पण जुन्या बोर्डवर त्याची वीस जागांची सॉकेटच नसते. मग ती जाड वायर तशीच लोंबत राहते आणि पुढचा निळा पोर्ट शोभेचा होतो. यूएसबी २.० चा कमाल वेग सेकंदाला ४८० मेगाबिट, तर ३.० चा ५ गिगाबिट. म्हणजे नुसता निळा रंग बघून खूश होऊ नका, मागे कनेक्शन आहे का ते बघा.

पुढच्या ऑडिओच्या वायरीला काही कॅबिनेटमध्ये दोन प्लग असतात. एकावर 'एचडी ऑडिओ' आणि दुसऱ्यावर 'एसी ९७' असं लिहिलेलं असतं. दोन्ही लावायचे नसतात. एसी ९७ हे १९९७ चं जुनं प्रमाण, एचडी ऑडिओ २००४ चं. आजच्या बोर्डला एचडीवाला लावा, दुसरा बांधून ठेवा. पॉवर आणि रीसेट बटणाच्या छोट्या प्लगना उलटसुलट चालतं, दिव्यांच्या प्लगना नाही. दिवा लागत नसेल, तर प्लग फिरवून लावा. पॉवर सप्लायच्या दोन-चार वायरी रिकाम्या उरल्या, तर ते अगदी नॉर्मल आहे. उरलेला प्लग भरलाच पाहिजे, असा काही नियम नाही.

जुन्या बटणांची एक गंमत सांगायलाच हवी. ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या कॅबिनेटवर 'टर्बो' नावाचं बटण असायचं. नावावरून वाटेल, दाबलं की मशीन सुसाट. प्रत्यक्षात ते वेग कमी करण्यासाठी होतं! १९८१ चा आयबीएम पीसी ४.७७ मेगाहर्ट्झवर चालायचा आणि तेव्हाचे काही गेम त्याच वेगाच्या हिशेबाने लिहिलेले होते. पुढच्या वेगवान मशीनवर ते इतके जोरात पळायचे की खेळताच येईना. म्हणून वेग उतरवायचं बटण दिलं. सोबत मेगाहर्ट्झ दाखवणारे आकडेही असायचे. ते वेग मोजत नसत, बनवणाऱ्याने जंपर लावून जे ठरवलं तेच दाखवत. शायनिंग मारायची हौस जुनीच आहे म्हणायची.

जाळ्या: श्वास घेऊ द्या

वर, मागे, बाजूला, खाली ज्या जाळ्या असतात त्या पंख्यांच्या जागा. चार कोपऱ्यांत चार स्क्रूची भोकं दिसली, की तिथे पंखा बसतो. सगळीकडे पंखे लावायची गरज नसते. पुढून गार हवा आत आणि मागून-वरून गरम हवा बाहेर, एवढी एक वाट पक्की हवी. पंख्याची दिशा ओळखायला मोटर धरणाऱ्या काड्या बघा. काड्या ज्या बाजूला, त्या बाजूने हवा बाहेर पडते.

काही जुन्या डब्यांच्या बाजूच्या झाकणाला प्रोसेसरसमोर गोल जाळी आणि आतून नळकांडं असतं. ती पेंटियम ४ च्या काळातली सोय. ते प्रोसेसर खूप तापायचे. खोली ३५ अंशांवर असताना प्रोसेसरच्या पंख्यापाशी पोचणारी हवा ३८ अंशांच्या वर जाऊ नये, असं मार्गदर्शक माप इंटेलने कॅबिनेटसाठी ठेवलं होतं. विदर्भात मे महिन्यात खोलीच चाळिशी ओलांडते, तेव्हा आतल्या प्रोसेसरचं काय होत असेल, याचा विचार करा.

म्हणून डबा भिंतीला चिकटवू नका, कपाटाच्या बंद कप्प्यात कोंबू नका, वर टॉवेल वाळत घालू नका. पॉवर सप्लाय खालच्या बाजूला असेल, तर त्याच्या खालची जाळी सतरंजीने किंवा गादीने झाकली जाते. खाली लाकडी फळी सरकवा. अनेक कॅबिनेटना पुढे किंवा खाली धुळीची जाळी असते, ती ओढून बाहेर निघते. कित्येकांना हे माहीतच नसतं आणि त्या जाळीवर धुळीचा नमदा साठलेला असतो. महिन्यातून एकदा ती झटका किंवा धुऊन पूर्ण वाळवून लावा. मशीन स्लो होण्यामागे कधीकधी एवढंच कारण असतं. तापलं, की प्रोसेसर स्वतःला वाचवायला आपला वेग उतरवतो.

उघडण्याआधी

• मशीन शट डाऊन करा, प्लग काढा, मग पॉवर बटण एकदा दाबून धरा. उरलीसुरली वीज निघून जाते.
• वॉरंटीत असेल, तर झाकणावरचं सील आणि वॉरंटीच्या अटी आधी बघा.
• काहीही काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. कोणती वायर कुठे होती, हे नंतर आठवत नाही.
• आत हात घालण्याआधी कॅबिनेटच्या न रंगवलेल्या पत्र्याला हात लावा. अंगातली स्थिर वीज तिथे उतरते.
• पॉवर सप्लायचा डबा कधीही उघडायचा नाही. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जिवावर बेतेल एवढी वीज राहू शकते.
• काढलेल्या पट्ट्या, झाकणं, स्क्रू, शील्ड एका पिशवीत भरून ठेवा. मशीन विकताना त्यांची आठवण येते.

रिकामी जागा म्हणजे हक्काची जागा

लॅपटॉप बारीक होत चाललेत. काहींमध्ये रॅम बोर्डलाच डकवलेली असते. वाढवायची म्हटलं, तर मशीनच बदला. डेस्कटॉपमध्येही छोटे, बंद डबे वाढतायत. ते दिसतात भारी, जागाही कमी खातात. पण विकत घेताना एक प्रश्न विचारायला हरकत नाही: दोन वर्षांनी मला यात काही घालायचं झालं, तर जागा आहे का? केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं, ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. दोन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. वस्तू जितकी जास्त काळ चालेल, तितका खिशावरचा आणि कचऱ्यावरचा भार कमी.

त्यामुळे मशीन बदलायचा हट्ट घरी धरण्याआधी या वीकेंडला एक स्क्रू ड्रायव्हर, एक कोरडा ब्रश आणि मोबाइलचा टॉर्च घ्या. कोणती पट्टी कशाची, कोणता खण मोकळा, कोणती वायर सुटलेली, हे एका कागदावर लिहून काढा. मग दुकानात जा. 'सीपीयू स्लो झालाय, काहीतरी करा' असं म्हणण्यापेक्षा 'एक साटा पोर्ट आणि अडीच इंची खण रिकामा आहे, एसएसडी बसवायची आहे' असं सांगा. समोरचा माणूस तुमच्याशी वेगळ्याच सुरात बोलायला लागेल.